सेव्हन आयर्न सरळ जातो, मग ड्रायव्हरच का वाकडा?

या वेळी गोल्फच्या प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर जिकडेतिकडे ड्रायव्हरच, म्हणजे बॉल सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी). कुणाचा बॉल उजवीकडे झाडीत, कुणाचा सरळ आकाशात, कुणाचा जमिनीवरून सरपटत. म्हटलं आज पटिंग-बिटिंग सगळं बाजूला ठेवू आणि याच्यावरच बोलू. एक सांगून ठेवतो, खाली सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा माणूस धरलाय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.

प्रश्न: गोल्फ शिकायला लागून फार दिवस झाले नाहीत. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा, पातळ डोक्याचा क्लब) बऱ्यापैकी लागतो, दहातले सहा-सात तरी सरळ जातात. पण ड्रायव्हर हातात घेतला की सगळं बिघडतं. तोच माणूस, तोच स्विंग, तरी बॉल कुठेही जातो. बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवलेला, क्लबचं डोकं एवढं मोठं, उलट सोपं जायला हवं ना? – एक नवशिका

तुम्ही "तोच स्विंग" असं लिहिलंय ना, तिथेच ग्यानबाची मेख आहे. तोच स्विंग आहे म्हणूनच हे होतंय. सेव्हन आयर्न मारताना ज्या चुका होतात त्याच ड्रायव्हर मारताना पण होतात, फक्त आयर्न त्यांच्यावर पांघरूण घालतो आणि ड्रायव्हर त्या चारचौघांत सांगत सुटतो.

पांघरूण घालतं कोण, तर लॉफ्ट, म्हणजे क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे किती कललाय तो कोन. सेव्हन आयर्नचा लॉफ्ट हल्ली साधारण २८ ते ३४ डिग्री असतो आणि ड्रायव्हरचा ९ ते १२. लॉफ्ट जास्त असला की बॉलला बॅकस्पिन (मागच्या बाजूला फिरणं) भरपूर मिळतो. पुरुष प्रो खेळाडूंचे सरासरी आकडे बघितले तर सेव्हन आयर्नला मिनिटाला सात हजारच्या आसपास फेरे आणि ड्रायव्हरला अडीच-पावणेतीन हजार. आता आपण सगळे "बॉलला साइडस्पिन लागला" असं म्हणतो, पण खरं तर बॅकस्पिन वेगळा आणि साइडस्पिन वेगळा अशी काही दोन खाती नसतात, बॉल एकाच अक्षाभोवती फिरतो आणि तो अक्ष एका बाजूला कलला की बॉल त्या बाजूला वळतो. अक्ष किती कलणार हे दोन गोष्टींवर ठरतं: एक म्हणजे क्लब ज्या दिशेने चाललाय त्या दिशेपेक्षा फेस किती उघडा (उजवीकडे वळलेला) किंवा बंद (डावीकडे वळलेला) आहे, आणि दुसरी म्हणजे लॉफ्ट किती आहे. लॉफ्ट जितका कमी तितकं पहिल्या गोष्टीचं वजन वाढतं. समजा तुमचा फेस स्विंगच्या दिशेपेक्षा ४ डिग्री उघडा राहतोय, नवशिक्यासाठी ही काही फार मोठी चूक नाही, तर सेव्हन आयर्नला अक्ष ७-८ डिग्री कलेल आणि ड्रायव्हरला त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यात ड्रायव्हरचा बॉल जास्त वेळ हवेत राहतो, म्हणजे वळायला अंतर पण जास्त. ढोबळ हिशोब केला तर आयर्नचा बॉल जिथे सहा-सात यार्ड वळेल तिथे ड्रायव्हरचा पंधरा-वीस यार्ड वळतो. सहा-सात यार्डांना आपण "सरळ गेला" म्हणतो, पंधरा-वीसला "झाडीत गेला" म्हणतो, चूक तीच.

आणि हे फक्त वळण झालं, बॉल निघतानाच जी दिशा चुकते ती वेगळीच. फेस लक्ष्याच्या ५ डिग्री उजवीकडे बघत असेल आणि बॉल त्याच दिशेने सरळ गेला असं धरलं तर १२० यार्डांवर तो साडेदहा यार्ड बाहेर असतो, २०० यार्डांवर साडेसतरा. यात काही गूढ नाही, शाळेतली भूमिती आहे. शिवाय क्लब आणि बॉलची भेट जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकते, तेव्हा मध्येच हात वळवून काही सावरता येईल हे विसरा.

माझं म्हणणं पटत नसेल तर जुन्या सेटमधला वन आयर्न किंवा टू आयर्न आठवून बघा. डोकं आयर्नचंच, बॉल टीवर पण ठेवू शकता, तरी तो मारताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची, का, तर लॉफ्ट जेमतेम १६-१८ डिग्री. लोकांनी कंटाळून हे लांब आयर्न बॅगेतून काढून टाकले आणि हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधला, मारायला सोपा क्लब) घेतले. म्हणजे भांडण ड्रायव्हरशी नाहीच, कमी लॉफ्टशी आहे.

त्यानंतर लांबी. बाजारातला ड्रायव्हर साधारण ४५ ते पावणेशेचाळीस इंच, सेव्हन आयर्न ३७ च्या आसपास. हातोडी डोक्याजवळ धरली की खिळ्यावर नेम बसतो, पार टोकाला धरली की जोर येतो पण नेम चुकतो, तसंच हे. नियमाने क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो (२०२२ पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ४६ ची मर्यादा लावायची मुभा आली), पण लांबी आणि अंतर यांचा हिशोब फक्त बॉल मधोमध लागला तरच जमतो. गंमत म्हणजे एवढा लांब असून ड्रायव्हर वजनाला आयर्नपेक्षा हलका असतो, तीनशेच्या वर थोडे ग्रॅम, आणि स्टीलच्या शाफ्टचा (दांड्याचा) सेव्हन आयर्न चारशेच्या वर. हलकं आणि लांब हत्यार हातात आलं की माणसाला आपोआप चेव चढतो, खांदे आवळले जातात, ग्रिप आवळली जाते, आणि आयर्नला जो थोडाफार ठेका असतो तो पण गायब होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे क्लब बॉलवर कुठल्या कोनातून येतो. आयर्न मारताना बॉल जमिनीवर असतो, म्हणून क्लब खाली येता येता आधी बॉल आणि मग बॉलच्या पुढची जमीन, स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढे. ड्रायव्हरला बॉल टीवर असतो आणि पुढच्या पायाजवळ असतो, तिथे क्लब तो खालचा बिंदू पार करून सपाट किंवा किंचित वर जाता जाता बॉलला लागायला हवा. नवशिका काय करतो, आयर्नसारखा वरून ठोकतो. मग कधी बॉल क्लबच्या कपाळावर लागून सरळ आभाळात जातो, कधी टॉप होऊन (वरच्या भागावर क्लब लागून) सरपटतो, आणि कधी नीट लागला तरी लॉफ्ट आणि वरून येण्याचा कोन यातला फरक वाढल्यामुळे स्पिन एवढा चढतो की बॉल फुग्यासारखा वर जाऊन मेल्यासारखा खाली पडतो. तुमच्या ड्रायव्हरच्या वरच्या रंगावर पांढरे ओरखडे आहेत का बघा. असतील तर मी जे सांगतोय ते तुमच्या क्लबवर आधीच लिहिलेलं आहे.

रेंजवरच्या मॅटबद्दल पण बोलायला हवं, कारण तुमचे "दहातले सहा-सात" मला जरा संशयास्पद वाटतात, राग मानू नका. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच आधी आपटला तरी घसरत पुढे जातो आणि बॉल बरा उडतो, गवतावर तोच फटका मातीत रुतला असता. म्हणजे मॅटवर आयर्नची झाकली मूठ सव्वा लाखाची. ड्रायव्हरला टी असल्यामुळे मॅटची मदत काहीच मिळत नाही, तिथे जे आहे ते आहे. त्यामुळे दोघांतलं अंतर वाटतं तेवढं नसतं, तुमचा आयर्न वाटतो तेवढा चांगला नाही आणि ड्रायव्हर वाटतो तेवढा वाईट नाही.

आता करायचं काय. टी एवढी उंच लावा की ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर अर्धा बॉल त्याच्या वर दिसेल. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत. उभं राहिल्यावर उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, पाठ लक्ष्यापासून किंचित मागे कललेली, हे जमलं की वर जाता जाता मारणं अर्धं आपोआप होतं. मग बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला साधारण फूटभर अंतरावर बॉलचा एखादा रिकामा पातळ खोका आडवा ठेवा आणि खोक्याला क्लब न लावता बॉल मारा, वरून ठोकणाऱ्याचा खोका पहिल्याच फटक्यात उडतो. ग्रिप इंचभर खाली धरा, स्विंग सत्तर टक्के जोराने. अंतर कमी होईल अशी भीती वाटते, पण नवशिक्याचं उलट वाढतं कारण बॉल फेसच्या मध्यावर लागायला लागतो. रिकी फाउलरसारखा खेळाडू काही काळ ४३.५ इंची ड्रायव्हर घेऊन खेळलाय, तेव्हा आपण इंचभर खाली धरण्यात कमीपणा कसला.

प्रश्न: निवृत्तीनंतर गोल्फ सुरू केला. ड्रायव्हर हमखास उजवीकडे वळतो म्हणून मी डावीकडे तोंड करून उभा राहतो. आधी थोडं जमलं, आता अजून डावीकडे बघतो तर बॉल अजूनच उजवीकडे वळतो. हे कुठवर चालायचं? – एक वाचक काका

काका, हे थांबणारं नाही, कारण तुम्ही जे औषध घेताय त्यानेच आजार वाढतोय.

बॉल निघतो कुठल्या दिशेने, तर मुख्यतः फेस जिकडे बघतोय त्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा फेसचा. आणि वळतो किती, तर स्विंगची दिशा आणि फेसची दिशा यात जेवढी फारकत तेवढा. तुम्ही पाय आणि खांदे डावीकडे वळवले की क्लब पण बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढला जातो. पण तुमच्या मनात फेअरवेचा (कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) मध्य असतो ना, त्यामुळे हात नकळत फेस तिकडेच ठेवतात. झाली फारकत, वळला बॉल. पुढच्या वेळी अजून डावीकडे उभे राहिलात की फारकत अजून वाढते. स्लाइस (बॉल असा उजवीकडे वळणं) होणारा जवळजवळ प्रत्येक माणूस या चक्रात अडकतो कारण डावीकडे उभं राहणं एवढं शहाणपणाचं वाटतं.

आधी बॉल वाचायला शिका. बॉल डावीकडे निघून मग उजवीकडे वळत असेल तर तुमचा फेस फार वाईट नाही, स्विंगची दिशा वाईट आहे. उजवीकडेच निघून अजून उजवीकडे जात असेल तर फेस सताड उघडा आहे, तेव्हा ग्रिपपासून सुरुवात करा. वरून बघितल्यावर डाव्या हाताचे दोन ते तीन नकल (बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे) दिसायला हवेत, एकच दिसत असेल तर डावा हात थोडा उजवीकडे फिरवून धरा. पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटतं, हात दुसऱ्याचेच आहेत असं वाटतं, पण सोडू नका.

दिशेसाठी क्लबचं कव्हर बॉलच्या पलीकडच्या बाजूला, तुमच्यापासून लांब, आणि बॉलच्या थोडं मागे ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब कव्हरला धडकेल. मला मात्र याहून जास्त आवडणारा व्यायाम म्हणजे मुद्दाम हुक मारायचा, अर्ध्या स्विंगने, बॉल उजवीकडे निघून डावीकडे वळलाच पाहिजे अशा हट्टाने. ज्याने आयुष्यभर स्लाइसच मारलाय त्याला फेस बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं हेच माहीत नसतं, आणि ते एकदा हाताला कळलं की मधला रस्ता सापडतो. रेंजवर शेजारी कोण हसतंय ते बघू नका.

प्रश्न: माझा एक ड्राइव्ह उजवीकडे, दुसरा डावीकडे. स्विंग मला तर अगदी सारखा वाटतो. आयर्नला असं होत नाही.

बॉल फेसवर कुठे लागतोय हे बघितलंत का कधी? व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर एक जाड ठिपका काढा, ठिपका फेसकडे करून बॉल टीवर ठेवा आणि मारा, ठिपक्याची छाप फेसवर उमटते. आठ-दहा बॉल मारून प्रत्येक वेळी फेस पुसून बघा. माझा अंदाज, छापा एकदा टोच्या (फेसचं तुमच्यापासून लांबचं टोक) बाजूला आणि एकदा हीलच्या (शाफ्टकडचं टोक) बाजूला निघतील.

ड्रायव्हरचं डोकं पोकळ आणि खोल असतं, त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. बॉल टोकडे लागला की डोकं त्या धक्क्याने उघडं फिरतं, आणि फेस आणि बॉल एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखे वागून बॉल उलट्या बाजूने फिरायला लागतो, म्हणजे हुकचा स्पिन. याला गिअर इफेक्ट म्हणतात. हीलकडे लागला की बरोबर उलट, स्लाइसचा स्पिन. म्हणूनच ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, हात फिरवून बघा, बाहेर फुगीर लागेल. टोवर लागलेला बॉल त्या फुगवट्यामुळे जरा उजवीकडे निघतो आणि स्पिनने परत आत येतो, असा तो हिशोब आहे. आयर्नचा गुरुत्वमध्य फेसच्या अगदी मागेच असतो, त्यामुळे तिथे हा इफेक्ट नगण्य, टोवर लागला तर अंतर जातं, हात झिणझिणतात, पण बॉल फार वाकडा जात नाही.

हेच वर-खाली पण होतं. फेसच्या खालच्या भागात लागलेला बॉल जास्त स्पिन घेतो, मध्याच्या थोडं वर लागलेला कमी स्पिन घेऊन लांब जातो. टी बुटकी लावणाऱ्यांनी हे वाचून तरी टी उंच लावावी. तुमच्या बाबतीत सांगायचं तर स्विंग बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. छापा टोकडे येत असतील तर बॉलच्या अर्धा इंच जवळ उभे राहा, हीलकडे येत असतील तर अर्धा इंच लांब, आणि दोन्हीकडे येत असतील तर तोल जातोय, स्विंग संपल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत डाव्या पायावर उभं राहता येतंय का तेवढंच बघा. बरेचदा तेवढ्यानेच छापा मध्याकडे सरकायला लागतात.

प्रश्न: ड्रायव्हर मारताना सोबतचे सगळे जण मला "डोकं खाली ठेव" आणि "जोर लाव" एवढंच सांगतात. दोन्ही करून बघितलं, बॉल कमरेच्या वर जातच नाही. – एक वाचक ताई

ताई, सोबतच्यांना आधी चहाला पाठवा. डोकं खाली दाबून धरलं की खांदे फिरायचे थांबतात, वजन डाव्या पायावर जात नाही, मग हातानेच ओढाताण करावी लागते आणि बॉलचा वरचा भाग क्लबला लागतो. बॉल टॉप होतो तो डोकं वर केल्यामुळे, हे सगळीकडे सांगतात, पण बहुतेक वेळा हात आखडल्यामुळे किंवा वजन मागेच राहिल्यामुळे होतो. बॉल गेला की डोकं खुशाल वळू दे त्याच्या मागे.

जोराचं म्हणाल तर महिला प्रो खेळाडूंचे आकडे बघण्यासारखे आहेत. त्यांचा ड्रायव्हर सरासरी सुमारे ३ डिग्री वर जाता जाता बॉलला लागतो, पुरुष प्रो सरासरी किंचित खाली मारतात, एखादा डिग्री. स्विंगचा वेग ताशी ९४-९५ मैल विरुद्ध ११३-११५ मैल, म्हणजे बराच फरक, आणि महिला तो फरक उंच लाँच (बॉल निघण्याचा कोन) आणि कमी स्पिनने काही प्रमाणात भरून काढतात. नवशिक्या बहुतेकांचा वेग त्याच्याही खाली असतो, बायका असोत की पुरुष. तेव्हा नक्कल करायचीच असेल तर टीव्हीवरच्या धिप्पाड पुरुषांची करू नका, महिला खेळाडूंची करा, हे मी पुरुषांना पण सांगतो आणि ते कधी ऐकत नाहीत. तुम्ही ड्रायव्हरचा लॉफ्ट किती आहे ते बघा, १२ च्या खाली असेल तर बदलायचा विचार करा. कमी वेगाला कमी लॉफ्ट म्हणजे बॉल वर चढतच नाही, मग माणूस त्याला उचलायला जातो आणि मामला अजून बिघडतो.

प्रश्न: मित्राने त्याचा जुना ड्रायव्हर दिलाय, ९ डिग्री, स्टिफ (कमी वाकणारा) शाफ्ट. म्हणतो ४६० सीसी आहे, एकदम फर्गिव्हिंग. चालेल का?

मित्र भला माणूस आहे, ड्रायव्हर परत द्या.

४६० सीसी ही २००४ पासून नियमाने ठरलेली डोक्याच्या आकारमानाची कमाल मर्यादा आहे, जवळपास सगळेच ड्रायव्हर तेवढेच असतात. फर्गिव्हिंग म्हणजे काय हे पण समजून घ्या: बॉल मध्यापासून इकडेतिकडे लागला तर डोकं कमी फिरतं आणि वेग कमी वाया जातो. फेस उघडा आणलात तर तो उघडाच राहणार, ती चूक कुठलीही कंपनी माफ करू शकत नाही. उलट डोकं मोठं झालं की त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून लांब जातो आणि फेस बंद करायला किंचित जास्त कष्ट लागतात. पूर्वीचे लाकडी ड्रायव्हर पर्सिमनचे असायचे, डोकं मुठीएवढं, पण लांबी ४३ इंचांच्या आसपास. डोकं वाढलं तशी लांबी पण वाढली, म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. टेलरमेड कंपनीने १९७९ मध्ये आपला पहिला धातूचा वुड (ड्रायव्हरच्या जातीचा क्लब) बाजारात आणला तो १२ डिग्रीचा होता, आणि आज नवशिका ९ डिग्रीसाठी हट्ट धरतो.

परत देणं बरं दिसत नसेल तर शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथे लॉफ्ट बदलायचा स्लीव्ह आहे का बघा. असला तर लॉफ्ट दीड-दोन डिग्रीने वाढवा, त्याने उभं राहिल्यावर फेस थोडा बंद पण दिसतो, स्लाइसवाल्यांना ते बरंच पडतं. शाफ्टबद्दल एवढंच सांगतो की स्टिफ-रेग्युलर हे शिक्के प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, हातात घेऊन मारून बघितल्याशिवाय ठरवू नका.

प्रश्न: ड्रायव्हर बॅगेतून काढूनच टाकावा का? थ्री वुडने टी ऑफ केलं (होलचा पहिला फटका मारला) तर?

काढू नका, पण प्रत्येक होलला बाहेरही काढू नका. पार ७२ च्या (७२ फटक्यांत पुरा करायच्या) कोर्सवर चार पार थ्री (तीन फटक्यांचे आखूड होल) सोडले तर ड्रायव्हर वापरायची संधी फार तर १४ वेळा येते, त्यातल्या अरुंद आणि आखूड होलांवर त्याची गरज नसते. टायगर वुड्सने २००६ ची ओपन (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) रॉयल लिव्हरपूल कोर्सवर जिंकली तेव्हा चार दिवसांत, ७२ होलांत, ड्रायव्हर फक्त एकदा काढला होता. कोर्स उन्हाने कडक झालेला, बॉल लांब पळत होता, त्याने हिशोब केला आणि आयर्नने टी ऑफ करत राहिला. तो टायगर होता हे मान्य, पण हिशोब कुणालाही करता येतो.

थ्री वुडबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. लॉफ्ट १५ च्या आसपास, लांबी ४३ इंच, डोकं ड्रायव्हरच्या निम्म्याहून लहान, टीवरून तो थोडा सोपा आहे पण लोक सांगतात तेवढा नाही, आणि गवतावरून तर नवशिक्याने त्याच्या वाटेलाच जाऊ नये. त्यापेक्षा फाइव्ह वुड किंवा चार नंबरचा हायब्रिड घ्या. वीस-तीस यार्ड कमी जातील, पण दुसरा फटका फेअरवेवरून मिळेल. आणि रेंजवर ड्रायव्हर रोज थोडा मारत राहा, शेवटी दमल्यावर पन्नास बॉल बडवण्यापेक्षा मध्ये मध्ये, चार आयर्न मग दोन ड्रायव्हर असं.

प्रश्न: ड्राइव्ह झाडीत गेला की मी दुसरा बॉल मारतो. सोबतचे म्हणतात की तसा मारला की पहिला बॉल बाद. खरं का?

न सांगता मारलात तर खरं. बॉल हरवला असेल किंवा ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला असेल असं वाटलं तर दुसरा मारायच्या आधी "प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय" असं स्पष्ट म्हणावं लागतं, नुसतं "अजून एक मारतो" चालत नाही. न म्हणता मारलात तर तोच बॉल खेळात आला, एका पेनल्टीसकट तिसरा फटका म्हणून, मग पहिला समोर दिसला तरी उपयोग नाही. शोधायला तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. बॉल पाण्यात म्हणजे पेनल्टी एरियात गेलाय याची खात्री असेल तर प्रोव्हिजनल मारताच येत नाही, तिथे पेनल्टी एरियाच्या नियमाने ड्रॉप घ्यायचा (बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळायचं). आणि तुम्ही खेळता त्या कोर्सने तो लोकल रूल लावलाय का ते विचारून ठेवा ज्यात हरवलेल्या किंवा ओबी गेलेल्या बॉलसाठी मागे न जाता दोन पेनल्टी घेऊन पुढेच, फेअरवेच्या कडेला ड्रॉप करता येतो. मात्र प्रोव्हिजनल मारलेला असेल तर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे दोन्हीपैकी काय करायचं ते टीवरच ठरवा.